हृदयाची साक्ष : आनीच्या पपायरसविषयी काही

‘मृतांचे पुस्तक’ हे नाव इजिप्तच्या लोकांनी दिलेले नाही. १८४२ साली कार्ल रिचर्ड लेप्सियस या जर्मन पंडिताने इटलीतील तुरीन येथील संग्रहालयातली एक लांबलचक गुंडाळी प्रसिद्ध केली, तिच्यातील मजकुराचे १६५ भाग पाडून त्यांना क्रमांक दिले आणि त्या समुच्चयाला हे नाव बहाल केले. क्रमांक आजही तेच चालतात आणि नावही चालते. मूळ लेखनिक मात्र या संग्रहाला दिवसाच्या उजेडात बाहेर पडण्याचे मंत्र म्हणत. दोन नावांत केवढे अंतर! एक नाव थडग्याकडे तोंड करून उभे आहे, दुसरे थडग्याकडे पाठ करून. ‘पुस्तक’ हा शब्दही तसा दिशाभूल करणाराच. सुमारे दोनशे मंत्रांच्या भांडारातून ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे निवड होई. त्यामुळे एक गुंडाळी दुसरीसारखी नसते.

ख्रिस्ती लेखनात या वाङ्मयाचा उल्लेख बहुधा एकाच संदर्भात येतो. मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्यात सत्याचे पीस, आणि समोर न्यायासनावर ओसिरिस. हे चित्र दाखवून सांगितले जाते की, पाहा, मोशेच्या काळातल्या मूर्तिपूजकांनाही अंतिम न्यायाची चाहूल लागली होती. मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत पारंगत झाला होता, असे प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन म्हणतो, तेव्हा हा विचार अगदीच निराधार नाही. पण चित्राच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून सगळी गुंडाळी आपल्या बाजूला ओढून घेणे हे वाचन नव्हे. ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्यांच्या बाजूने ती एकदा वाचून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील दोन पपायरस मी समोर ठेवीत आहे. एक आनी या लेखनिकाचा, दुसरा हुनेफर या लेखनिकाचा. असे पपायरस पुष्कळ संग्रहालयांत आहेत. खुद्द व्हॅटिकनमध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली स्थापन केलेल्या इजिप्शियन संग्रहालयातही ते आहेत. परंतु जगाच्या मनात हे वाङ्मय रुजले ते या दोहोंमुळे.

पपायरस म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्याच्या गाभ्याच्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या दाबून केलेला कागद. असे ताव एकापुढे एक चिकटवून गुंडाळी तयार होई. याच लव्हाळ्याच्या कागदावर पुढे आपली शुभवर्तमानेही उतरली. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयातील योहानकृत शुभवर्तमानाचा तो प्रसिद्ध लहानसा तुकडा इजिप्तच्याच वाळूने जपला. मृतांच्या गुंडाळ्यांत मजकूर काळ्या शाईने आणि मंत्राचा मथळा व विधीची सूचना लाल शाईने लिहीत. आपल्या मिस्सग्रंथातही धर्मगुरूने काय करावे हे लाल अक्षरांत आणि काय म्हणावे हे काळ्या अक्षरांत छापलेले असते. म्हणायचे शब्द आणि करायची कृती डोळ्यांना वेगळी दिसावी, ही लेखनिकाची गरज तीन हजार वर्षांत बदललेली नाही.

आनी हा इसवी सनापूर्वी १२५० च्या सुमारास थीब्ज नगरीत राहणारा राजाचा लेखनिक. देवांना येणाऱ्या अर्पणांचा हिशेब ठेवणे आणि अबायडोसच्या देवांच्या धान्यकोठारांवर देखरेख करणे हे त्याचे काम. त्याची पत्नी तुतू ही अमून देवाच्या मंदिरातील गायिका. सुरुवातीच्या चित्रात ती हाती सिस्ट्रम नावाचे खुळखुळ्यासारखे वाद्य घेऊन नवऱ्याच्या मागे उभी आहे. गुंडाळीची लांबी सुमारे २४ मीटर. अशी वस्तू तयार करून घ्यायला कारागिराच्या सहाएक महिन्यांच्या मिळकतीएवढा खर्च येई, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आनी गरीब नव्हता, पण राजघराण्यातलाही नव्हता. आयुष्यभर मोजमाप करणारा एक कारकून, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

आता तो तराजू पाहू. डाव्या बाजूने आनी आणि तुतू वाकून आत येतात. वरच्या ओळीत देव साक्षीला बसले आहेत. मध्ये तराजू. कोल्हेमुखी अनुबिस गुडघ्यावर बसून काटा तपासतो आहे, बगळ्यासारख्या चोचीचा थोथ लेखणी सरसावून निकाल टिपतो आहे, आणि त्याच्या पाठीशी मगरीचे तोंड, सिंहाचे धड आणि पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित थांबली आहे. हृदय अपात्र ठरले तर ती ते खाणार. तराजूच्या डावीकडे आनीचे दैव उभे आहे, जन्माच्या वेळी हजर असणाऱ्या दोन देवी आहेत, आणि माणसाचे तोंड असलेल्या पाखराच्या रूपात त्याचा जीव एका लहानशा देवळीवर बसला आहे. माणसाचा न्याय व्हायचा तर त्याचा जन्म आणि त्याचे नशीब यांनाही कोर्टात हजर ठेवले पाहिजे, ही चित्रकाराची समज मला फार खोल वाटते. आणखी एक गोष्ट. हा तराजू स्वर्गीय बनावटीचा नाही. सोन्याचांदीच्या कोठीत असतो तसाच ओळंबा लावलेला, दांडीचा, नेहमीचा तराजू आहे. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे धान्य मोजून घेतले, त्याला शेवटी त्याच्याच धंद्यातले हत्यार भेटते. ईयोबानेही परमेश्वराकडे खऱ्या तराजूने तोलले जाण्याची मागणी केली होती, याची इथे आठवण होते. फरक इतकाच की ईयोब मागणी करतो आणि आनीच्या गुंडाळीत ती मान्य झालेली असते.

पुढच्या चित्रात होरस आनीचा हात धरून त्याला ओसिरिसपुढे नेतो, आणि तिथे आनी चटईवर गुडघे टेकतो. इथे चित्रकाराने एक गोष्ट केली आहे जी घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते. तोलले जाताना काळा असलेला आनीचा केसांचा टोप इथे पांढरा झालेला आहे. याचे कारण मजकुरात कुठेही दिलेले नाही. ते चित्रातच राहिले आहे, आणि राहिले तेच बरे. दोन चित्रांच्या मधल्या जागेत त्या माणसावरून काय गेले असेल हे पाहणाऱ्याने ओळखावे.

हुनेफरचा पपायरस आनीपेक्षा थोडा जुना, इसवी सनापूर्वी १२७५ च्या सुमाराचा. हुनेफर हा पहिल्या सेती राजाच्या पदरी होता. गुंडाळी जेमतेम साडेपाच मीटरची. चित्र म्हणून पाहिले तर हुनेफर सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. एकाच पट्टीत डावीकडून उजवीकडे सगळी कथा सलग चालते. पांढऱ्या झग्यातला हुनेफर अनुबिसच्या हाताला धरून येतो, तोलला जातो, थोथ नोंद करतो, होरस त्याला पुढे नेतो, आणि कमळावर उभ्या असलेल्या होरसच्या चार पुत्रांपलीकडे ओसिरिस बसलेला असतो, मागे इसिस आणि नेफ्थिस. रेषा ठाम आहे, गर्दी नाही. शाळेच्या पुस्तकांपासून कॅलेंडरांपर्यंत सगळीकडे हेच चित्र छापले जाते, यात नवल नाही. पण ग्रंथ म्हणून आनीच मोठा. त्याच्यात माणूस अधिक आहे, आणि चुकाही अधिक आहेत. काही ठिकाणी चित्रे आधी काढून झाली आणि उरलेल्या जागेत लेखनिकाला मजकूर कोंबावा लागला, हे उघड दिसते. त्यात गाळलेले शब्द आहेत, चुकलेले शब्द आहेत. सुबक हुनेफर पाहून मन प्रसन्न होते. आनी मात्र वाचावा लागतो.

आणि वाचताना पहिला धक्का बसतो तो तोलण्याच्या प्रसंगी आनी जे बोलतो त्याचा. तो देवाशी बोलत नाही. तो स्वतःच्या हृदयाशी बोलतो. लेप्सियसच्या गणनेतला हा तिसावा मंत्र. त्याचा आशय असा : जे हृदय मला आईकडून मिळाले, त्याने न्यायसभेत माझ्याविरुद्ध उभे राहू नये, तराजू धरणाऱ्यापुढे माझ्यावर उलटू नये, माझे नाव खराब करू नये. हाच मंत्र दगडी भुंग्यावर कोरून प्रेताच्या छातीवर ठेवण्याचीही रीत होती. म्हणजे प्राचीन इजिप्तच्या माणसाला आपला सर्वांत मोठा साक्षीदार कोण हे पुरेपूर ठाऊक होते. नीतिसूत्रांत परमेश्वर हृदये तोलतो असे म्हटले आहे, तोच विचार इथेही आहे. परंतु ज्ञान तेच असूनही केलेली कृती उलट आहे. आपण मिस्सेच्या आरंभी उरावर हात मारतो. त्याच जागी, त्याच हृदयावर. आपण त्याला बोलते करण्यासाठी ठोकतो. आनी त्याला गप्प राहण्याची विनवणी करतो.

पुढे १२५ व्या प्रकरणात ४२ देवांपुढे ४२ नकार आहेत. चोरी केली नाही, खून केला नाही, खोटे बोललो नाही, कोणाला रडवले नाही, चोरून ऐकले नाही. या प्रकरणाच्या दुसऱ्या एका यादीत तराजूच्या वजनात फेरफार केला नाही, असेही येते. यातील नीती उच्च आहे, यात वाद नाही. कोणाला रडवणे हे पाप म्हणून वेगळे नोंदवणारी यादी कोणत्याही काळात आदरालाच पात्र ठरेल. पण साहित्य म्हणून, आणि माणसाचे मन म्हणून, ही यादी मला पटत नाही. बेचाळीसच्या बेचाळीस गोष्टी नाकारणारा माणूस कोण? त्याचे कोणी ओळखीचे आहे का? तिसाव्या मंत्रातला भ्यालेला आनी खरा वाटतो आणि १२५ व्या प्रकरणातला निष्कलंक आनी पाठ केलेला वाटतो. ज्याच्या मनात खरोखर काही नाही त्याला हृदयाला गप्प बसवावे का लागेल, हा प्रश्न गुंडाळी स्वतःच उभा करते आणि त्याला उत्तर देत नाही.

उत्तर न देण्याचे कारण आहे. या न्यायाचा निकाल आधीच लागलेला आहे. आनीचे नाव जिथे जिथे येते तिथे त्याच्याआधी ओसिरिस हा शब्द लागतो, आणि ज्याचा शब्द खरा ठरला अशा अर्थाचे विशेषण त्याला जोडलेले असते. तराजू अजून स्थिर व्हायचा असतो आणि नाव मुक्त झालेले असते. मृतांच्या या गुंडाळ्यांत अम्मितच्या तोंडी गेलेला मालक कुठेही दिसत नाही. पैसे देऊन स्वतःच्या सर्वनाशाचे चित्र कोण काढून घेईल? त्याहून पुढची गोष्ट अशी की आनीच्या गुंडाळीचा बराचसा भाग आनीसाठी लिहिलेलाच नव्हता. ती अनेक हातांनी वेगवेगळ्या तुकड्यांत तयार केली, नावाच्या जागा कोऱ्या ठेवल्या, आणि गिऱ्हाईक मिळाल्यावर त्या जागांत ‘आनी’ हे नाव दुसऱ्या हाताने भरले. अक्षर वेगळे आहे, ते कळते. कोणाही सज्जनाचे निर्दोषत्व दुकानात तयार होते, फक्त नाव घालायचे बाकी होते.

यावर हसण्याआधी आपल्या घराकडे पाहावे. योहान गुटेनबर्गच्या काळात माइन्झ येथे १४५४–५५ मध्ये ज्या पहिल्या गोष्टी छापल्या गेल्या त्यांत दंडविमोचनाची पत्रे होती, इतिहासाच्या शालेय पुस्तकांत ज्यांना सरसकट पापमोचनपत्रे म्हणतात ती. त्यांतही नावासाठी आणि तारखेसाठी जागा कोरी सोडलेली आहे. पत्रामागचा धर्मसिद्धांत वेगळा होता, पश्चात्ताप आणि पापनिवेदन त्यात गृहीत होते, हे सारे खरे. तरी कोरी जागा ती कोरी जागाच. मरणाच्या भीतीला तयार कागद हवा असतो, आणि तो पुरवणारा कोणी ना कोणी असतो.

खरा फरक मला दिसतो तो दुसरीकडे. फ्रान्समधील बोन गावी १४४३ साली स्थापन झालेल्या रुग्णालयासाठी पंधराव्या शतकाच्या मध्यावर रोखीर फान डर वेयडन या चित्रकाराने अंतिम न्यायाचे एक मोठे वेदीचित्र काढले. त्यातही तराजू आहे. संत मायकल सरळ समोर पाहत तो धरून उभा आहे, आणि पापाचे पारडे खाली गेले आहे. हे चित्र गरीब रुग्णांच्या दालनाच्या टोकाशी असलेल्या प्रार्थनालयात होते. खाटेवर पडलेल्यांनी ते पाहावे, अजून वेळ आहे तोवर पाहावे, यासाठी. म्हणजे ते जिवंतांना उद्देशून आहे आणि त्यातला निकाल पाहणाऱ्यापुरता अजून लागायचा आहे. आनीची गुंडाळी मात्र मिटवून थडग्यात ठेवण्यासाठी होती. ती कोणाला सुधारण्यासाठी नव्हती. तिचा वाचक एकच, तोही मेलेला, आणि तो एकटा अंधारातून जाणार होता. त्याच्या हातात दिलेला तो परवाना होता, नकाशा होता, आणि थोडाफार धीरही होता. उपदेश म्हणून वाचली तर ही गुंडाळी कमकुवत ठरते, कारण ती उपदेश नाहीच. धीर म्हणून वाचली तर तिच्यातली लबाडीही माणुसकीची वाटू लागते.

आपला घोटाळा होतो तो संग्रहालयामुळे. एकासाठी मिटलेली वस्तू तिथे सर्वांसाठी उघडली जाते, आणि आपण तिला भिंतीवरच्या धर्मशिक्षणाच्या चित्रासारखे पाहू लागतो. आनीच्या बाबतीत हे उघडणे फार रांगडेपणाने झाले. ब्रिटिश म्युझियमचे ई. ए. वॉलिस बज यांनी १८८८ साली लक्सरला ही गुंडाळी मिळवली. पुराणवस्तू खात्याचे फ्रेंच प्रमुख ग्रेबो यांच्या हुकुमाने ज्या घरात माल होता त्याला पोलिसांनी मोहोर लावली होती. तेव्हा शेजारच्या हॉटेलच्या बागेतून भिंतीखाली भोक पाडून माल बाहेर काढला गेला आणि तेवढा वेळ पहारेकऱ्यांना जेवण देऊन गुंतवून ठेवले गेले. हे सारे बज यांनी स्वतःच १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहिले आहे, आणि लाजत नाही तर रंगवून लिहिले आहे. त्या काळी असेच चालत असे, हे समर्थन मी अनेकदा वाचले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्याच्या नकारांच्या यादीत चोरी आहे, त्या माणसाची गुंडाळी भोकातून बाहेर यावी यातला विसंवाद निदान नोंदवला तरी पाहिजे.

पुढे ती गुंडाळी जवळपास सारख्या मापाच्या ३७ तुकड्यांत कापण्यात आली. नेस्तानेबेतिशेरू या राजपुरोहिताच्या कन्येची ३७ मीटरांची गुंडाळी, जी १९१० साली श्रीमती ग्रीनफिल्ड यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली, तिचेही ९६ तुकडे झाले. अभ्यासाला आणि काचेखाली ठेवायला हे सोयीचे होते. पण गुंडाळी एका हाताने सोडत आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत नेण्यासाठी असते. एका वेळी थोडेच दिसावे, मागचे मिटत जावे, पुढचे उलगडत जावे, हेच तिचे व्याकरण. तोलण्याचा प्रसंग आणि पांढऱ्या टोपाचा आनी आता दोन चौकटींत आहेत. मधले जे अंतर त्या गुंडाळीत अर्थ होता, ते काचेच्या दोन तावदानांमधले अंतर होऊन बसले आहे.

बज यांच्या इंग्रजी भाषांतराबद्दलही दोन शब्द. १८९५ साली निघालेले हे भाषांतर डोव्हरच्या १९६७ च्या स्वस्त पुनर्मुद्रणामुळे दूरवर पोहोचले. सेमिटिक भाषांचा अभ्यास करून आलेल्या या विद्वानाने आनीला जुन्या इंग्रजी बायबलच्या वळणाची भाषा दिली. परिणाम असा की आनी स्तोत्रकर्त्यासारखा बोलू लागतो, आणि आपल्याला तो घरचा वाटतो. ही जवळीक बरीचशी भाषांतरकाराची आहे. रेमंड फॉकनर यांचे १९७२ चे भाषांतर अधिक कोरडे आणि अधिक विश्वासार्ह आहे. मंत्र हा मंत्रासारखाच ऐकू येतो. ज्याला खरोखर वाचायचे आहे त्याने फॉकनर घ्यावा.

इतके सगळे म्हटल्यावरही या गुंडाळ्यांत काही जागा अशा आहेत की जिथे समीक्षा गप्प होते. आनीच्या अंत्ययात्रेत बैल प्रेताची घसरगाडी ओढत आहेत, शोक करणाऱ्या स्त्रिया डोक्यावर हात नेत आहेत, तुतू नवऱ्याच्या प्रेताशेजारी गुडघ्यांवर बसून रडते आहे. हुनेफरच्या गुंडाळीत त्याची पत्नी नाशा उभ्या केलेल्या प्रेताच्या पायाशी तशीच बसली आहे. आणि दोन्हीकडे एक वासरू आहे, ज्याचा पुढचा पाय विधीसाठी नुकताच कापला आहे, आणि जवळ त्याची आई. मंत्रांना या गाईशी काही देणेघेणे नाही. चित्रकाराला मात्र ती दिसली. निकाल ठरलेला असो, कोरी जागा भरलेली असो, रडणे कोणाला विकत घेता आलेले नाही.

आनी आणि तुतू एका मंडपात बसून सोंगट्यांचा डाव खेळतात. शेवटाकडे वेताच्या शेतांचे चित्र येते, आणि तिथे हा हिशेबनीस स्वतः नांगर धरतो, पीक कापतो, होडी वल्हवतो. हयातभर दुसऱ्यांनी पिकवलेले धान्य मोजणाऱ्याला स्वर्गात स्वतः पिकवायचे काम मिळते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे यांची निवड कोणाला खाऊ घातले यावरून होते. आनीच्या शेतात कोणी भुकेला नाही, म्हणून तो प्रश्नच निघत नाही.

त्याच्या लोकांची श्रद्धा होती की मृताचे नाव कोणी उच्चारले की तो जगतो. आपल्याही अनेक धर्मग्रामांत नोव्हेंबर महिन्यात गेलेल्यांच्या नावांची यादी वेदीपाशी ठेवली जाते आणि त्यांच्यासाठी मिस्सा होतात. आपण नावे वाचतो ती परमेश्वराने त्यांना स्मरावे म्हणून. आनीला स्मरण हवे होते ते स्वतःच्या नावाचे, आणि ते त्याला मिळाले. दुसऱ्या हाताने कोऱ्या जागेत भरलेले ते नाव आज कैरोपासून कॅलिफोर्नियापर्यंत उच्चारले जाते. उजेडाने रंग विटतात म्हणून त्याची गुंडाळी आता क्वचितच बाहेर काढतात. बहुतेक काळ ती पुन्हा अंधारातच असते.

सदतिसाव्या, शेवटच्या तुकड्यावर वाळवंटाचा पश्चिमेकडचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी एक लहानसे थडगे, आणि डोंगराच्या आतून, पपायरसच्या झुडपातून, हाथोर देवी गाईच्या रूपाने डोके बाहेर काढून पाहते आहे. तिच्यासमोर पाणघोडीच्या रूपातली देवी अर्पणांनी भरलेल्या चौरंगापाशी उभी आहे. इथे ना तराजू आहे ना थोथची लेखणी. मेलेल्याला घ्यायला कोणी तरी दारात आले आहे, एवढेच.